पलंगावरची आजी

आजीनं आज तोंड उघडायचं नाही, हे अनुपनं तिसऱ्यांदा बजावलं.

"मी काय मुकी हाओ का?" पलंगावर आडवी होत भागीरथाबाई म्हणाली. आज दोन जिने चढताना ती दोनदा टेकली होती. शिकायला येणाऱ्या दीक्षानं पुढं केलेला चहाही तिनं नको म्हणून परत दिला.

"मुकी नाई, पेशंट आहा तुमी. परीक्षेच्या सरावात पोरीयच्या आधी तुमीच उत्तर सांगून देता."

मुली हसल्या. भागीरथाबाईनं डोळे मिटून घेतले.

राजापेठेत कपड्याच्या दुकानावर दोन खोल्यांत अनुपचं केंद्र होतं. दवाखान्यांना रुग्णांची सेवा करणारी माणसं मिळेनात, म्हणून सरकारनं त्या कामाच्या प्रशिक्षणाला अनुदान सुरू केलं होतं. वीस मुली शिकत होत्या. सरावाला रबरी पुतळा घ्यायचा होता, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. पहिला हप्ता आला तो थकलेल्या भाड्यातच गेला. तेव्हा मागच्या गल्लीतली भागीरथाबाई आपणहून जिना चढून आली आणि म्हणाली, "पुतळा कायले पाह्यजे? मी झोपतो नं."

तिला वेळ जात नसेल, असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण तिनं एकट्या दीक्षाला सांगितलं होतं. तिचा नवरा मोतीराम तीन महिने अंथरुणाला खिळून होता. त्याची कूस कशी बदलायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या, आणि त्यातच तो गेला. त्याला अकरा वर्षं झाली होती.

"पहाटे अजून आवाज येते त्यायचा," ती म्हणाली होती. "भागीरथा, कूस बदलव वं. मी उठून पायतो, तं खाट रिकामी. तुमी वीसच्या वीस जनी पास झाल्या, का थांबीन तो आवाज. मले तं असंच वाटते."

दीक्षाच्या मनातून ते जाईना. नांदगाव खंडेश्वरहून ती रोज एसटीनं यायची. खिडकीला डोकं टेकून डुलकी लागली, की कुणीतरी कूस बदलव म्हणतंय असं वाटून ती दचकून जागी व्हायची. भीती वाटायची तिला. पण हे बोलणार कुणाशी?

केंद्राची आजची सरकारी तपासणी पार पडली तर परीक्षा होणार होती, आणि अकोल्याचा एक दवाखाना पास झालेल्या सगळ्या मुलींना कामावर घेणार होता. नाही पार पडली, तर केंद्राला कुलूप आणि वीस जणींचे सहा महिने पाण्यात.

अनुपला धास्ती दीक्षाचीच होती. बाकीच्या मुली मनगट धरल्यासारखं करायच्या आणि कागदावर नाडी बहात्तर लिहून मोकळ्या व्हायच्या. ही बया मात्र घड्याळात पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय हात सोडायची नाही. साहेब ताटकळले म्हणजे झालं!

अकरा वाजता खाली गाडी थांबली.

"आले सायेब," खिडकीतून पायल म्हणाली.

दीक्षा तेव्हाही भागीरथाबाईचं मनगट धरून बसली होती. तिनं एक हात सोडून दुसरा धरला.

"कावून इतका वेळ लावून राहिली?" अनुप दबक्या आवाजात म्हणाला. "सापडून नाई राहिली का नाडी?"

"सापडली सर," दीक्षा म्हणाली. तिनं चादर नीट केली आणि ती उभी राहिली.

साहेब अकोल्याहून आले होते. माणूस कमी बोलणारा. त्यांनी हजेरी पाहिली, मोबाइलवर फोटो काढले आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबले.

"नाडी किती?"

"चौऱ्याहत्तर," दीक्षानं लगेच सांगितलं.

अनुपचा जीव भांड्यात पडला.

"कूस बदलून दाखवा."

दीक्षानं आजीचा गुडघा वाकवला, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेला लावला आणि तिला सावकाश वळवलं. पाठीशी उशी दिली. गालाखाली तिचाच तळहात ठेवला. कुठं ओढाताण नाही, घाई नाही. भागीरथाबाईनं हूं की चूं केलं नाही. म्हातारीनं आज शब्द पाळला, म्हणून अनुपला तिचं कौतुक वाटलं.

"सगळीकडं पुतळेच बघतो मी," साहेब म्हणाले. "माणसाला इतकं जपून हाताळणारी मुलगी आज पाहिली. परीक्षेची तारीख कळवतो."

त्यांनी सही केली आणि ते गेले. गाडी वळली तसा मुलींनी एकच गलका केला. अनुपनं खाली चहा सांगितला.

"दीक्षा, सोड आता आजीचा हात. उठव त्यायले. म्हनाव, बोला आता जितकं बोलाचं तितकं."

दीक्षानं हात सोडला नाही.

"सर, सायेब जिना चढून राहिले होते, तवाच थांबली आजीची नाडी."