पाऊण तास

“काका, लोक कोडं सोडवायला बसतात, भिंतीवर डोकं आपटायला नाही,” फोनवर संपादक म्हणाला. “गेल्या रविवारी एकाचंही उत्तर बरोबर आलं नाही. याही वेळी तसंच झालं, तर ती जागा राशिभविष्याला. तेही कुणाला कळत नाही, पण निदान कुणी चिडत तरी नाही.”

“पण माझी बायको पाऊण तासात सोडवते हो,” कोडेकार चाचरत म्हणाला.

“मग काकूंना माझा दंडवत सांगा.”

कोडेकार गोंधळला. वीस वर्षं त्याचा काटा एकच होता. कोडं बायकोपुढे ठेवायचं आणि गच्चीवर जाऊन बसायचं. तिला पाऊण तास लागला, की कोडं ना सोपं, ना अवघड.

तरी त्याने नव्या कोड्यातलं उभ्या सातचं आडवळणी शोधसूत्र खोडलं. तिथलं ‘कंदील’ गेलं, ‘पाऊल’ आलं; आडव्या शब्दाला लागणारा ‘ल’ तेवढा तोच राहिला. नवं सूत्र लिहिलं : पुढे पडलं तरी लागत नाही, उलट कौतुक होतं. स्वतःशीच हसला. उत्तरांचा कागद नेहमीसारखा टेबलाच्या खणात होता. तिथे बदल करायचा मात्र राहून गेला.

तो गच्चीवरून खाली आला, तेव्हा सगळ्या चौकटी भरल्या होत्या.

“बेचाळीस मिनिटं,” बायको म्हणाली. “जरा सोपंच होतं. त्या संपादकालाच काही कळत नाही.”

त्याचा जीव भांड्यात पडला. चष्मा पुसून तो तपासायला बसला. आडवे शब्द सगळे बरोबर. उभा सात : कंदील.

त्याने सूत्र पुन्हा वाचलं. कंदील पुढे पडला, तर कौतुक कोण करेल? त्याने खण उघडला. कागद जागेवरच होता, फक्त घडी उलटी होती.

मग गेल्या रविवारचं कोडं? त्याच्या आधीचं? वीस वर्षांतलं कोणतं अवघड होतं, आणि कोणतं नुसताच अन्याय?

“चुकलं का हो काही?”

खोडरबराने त्याने सगळ्या चौकटी रिकाम्या केल्या आणि खुर्ची तिच्याशेजारी ओढली.

“आज मी गच्चीवर जात नाही. उत्तरं लिहू नकोस. कुठे अडतेस, तेवढं बोटाने दाखव.”

तिने खणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पहिल्या वेळी मी ‘नाही येत’ म्हटलं होतं,” ती हळूच म्हणाली. “दोन दिवस धड जेवला नव्हतात.”

आणि तिने बोट ठेवलं. आडवा एक.

कोडेकाराने वाकून आपलंच सूत्र वाचलं. पुन्हा वाचलं. डोकं खाजवलं. मग बायकोची नजर चुकवत त्याने हळूच खणाकडे हात नेला.