वगळलेला प्रसंग

"थितंच थांबवा, सर!" आवडी ओरडली, तोवर तो दिसेनासाही झाला होता.

मोझेस सरांनी रिमोटने चित्र मागे नेलं. उजाड दगडी माळ, काळ्या टोपीतला घोडेस्वार, बंदुकीचा बार, आणि खडीच्या उतारावरून कोसळणारी चार माणसं. त्यातला दुसरा मंगळ्या, आवडीचा नवरा. श्वास घ्यावा एवढाच वेळ. सरांनी बटण दाबलं तेव्हा पडद्यावर त्याची पाठ आणि अर्धा गाल उरला.

"त्योच," ती म्हणाली. खुर्ची पुढे केली तरी ती जमिनीवरच बसली होती. "फोटू म्हनून आधारकारडावरचा तेवढा हाय. त्यात चोरावानी दिसतो."

सिनेमा मुंबईच्या कंपनीचा, पण घोडे, टोप्या, पिस्तुलं सगळं अमेरिकन थाटाचं. एका खुन्याला त्याने मारलेली माणसं जागोजाग दिसत राहतात, अशी काहीशी कुंद गोष्ट. कोलाडच्या पलीकडे बंद पडलेल्या दगडखाणीत दोन वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग झालं. आवडीच्या वाडीवरची कातकरी माणसं रोजावर लागली. दिग्दर्शक परदेशात शिकलेला, इंग्रजीशिवाय बोलेना. म्हणून रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मोझेस सरांना त्यांनी दुभाषी म्हणून धरलं होतं. थिएटरात सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. आता त्याची डीव्हीडी निघाली. कंपनीने आठवणीने एक सरांना पाठवली, आणि सरांनी आवडीला निरोप धाडला. ती सकाळीच मिनीडोर रिक्षा पकडून रोह्यालगतच्या अष्टमीत त्यांच्या दाराशी हजर.

"थांब, यात अजून काहीतरी आहे," सर म्हणाले. "सिनेमातून कापलेलं. त्यात नीट दिसेल बघ तो."

अर्ध्या गालावर तिची बोळवण करणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

'वगळलेले प्रसंग' लावले, आणि मंगळ्या पुरताच्या पुरता समोर आला. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं बजावलेलं असूनही बघत, हसू दाबत धावणारा. आवडी खुदकन हसली. मग बार झाला. तिघे घरंगळत खालच्या गाद्यांवर गेले. मंगळ्याचा पाय खडीत सरकला, तो भलत्या बाजूला गेला आणि त्याचं डोकं दगडाच्या कडेवर आपटलं. धूळ खाली बसली. तो उठला नाही. कॅमेरा मात्र जागचा हलला नाही. मंगळ्याचा एक पाय थरथरत होता. या सगळ्यावर, मागाहून भरलेल्या शांत आवाजात, दिग्दर्शक इंग्रजीत काहीतरी सांगत होता.

"काय बोलतो त्यो?" आवडीने विचारलं.

सरांना दोन वर्षांपूर्वीचा एक कागद आठवला. काम आटोपून मंगळ्या आपल्या पायांनी घरी निघाला, वाटेत दारू प्यायला आणि नदीत पडून मेला, असा कागद कंपनीच्या मॅनेजरने आणला होता. वाडीवर सगळ्यांसमोर तो सरांनीच वाचून दाखवला होता. आवडीने अंगठा कुठे लावायचा, तेही त्यांनीच दाखवलं होतं.

तुझ्या नवऱ्याचं कौतुक करतोय, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण आवडी आता पडद्याकडे बघत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

सरांनी एकेक वाक्य मराठीत आणलं, वर्गात आणायचे तसं.

"तो म्हणतो, हा शिकलेला स्टंटवाला नव्हता, इथलाच माणूस होता. म्हणतो, तो असा पडला की मी कॅमेरा बंद करू दिला नाही. इतकं खरं कुठल्या नटाकडून मिळत नाही. नंतर त्याला जीपमध्ये घालून नेलं. शुद्ध नव्हती त्याला. म्हणतो, फार वाईट वाटतं."

"कशाचं वाईट वाटतं?"

"हा प्रसंग सिनेमातून कापावा लागला, त्याचं."

आवडी पुन्हा पडद्याकडे वळली.

"म्हंजे त्यो प्यायला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता गो."

"दोन वर्सं पोरांना सांगते, तुमचा बापूस पिऊन मेला. धाकटा रडायला लागला का म्हनते, बेवड्यासाठी कशाला रडतो." तिने पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते. "पुन्ना लावा. त्या मानसाचं बोलनं बंद करा. मला ह्याचा आवाज ऐकायचाय."

सरांनी दिग्दर्शकाचा आवाज बंद केला. आता खडीची खरखर ऐकू आली. मंगळ्याचं "आये!" ऐकू आलं, अर्धवट तुटलेलं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग टाळ्या. आधी दोघातिघांच्या, मग सगळ्यांच्याच. कुणीतरी शिट्टीही मारली.

"टाळ्या कोन वाजवतंय?"

शूटिंगच्या त्या दुपारी सर ताडपत्रीच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. शॉट झाल्यावर ते उठून उभे राहिले होते. 'वा रे मंगळ्या!' असं म्हणालेही होते. लगेच जेवणाची सुट्टी झाली; तो उठला की नाही, हे कुणी पाहिलंच नाही.

"सगळेच," ते म्हणाले. "मी पण, आवडी. मला वाटलं, काय झकास पडला."

ती उठली. आता ही दार आपटून निघून जाणार, असं सरांना वाटलं. जाईल तर बरं, असंही वाटलं. पण ती दारात जाऊन थांबली.

"त्यो कागद तुमी वाचला म्हनून वाडीनं खरा मानला," ती म्हणाली. "चला. आता ह्ये पन तुमीच वाचून दाखवा."