कपाळावरची रेघ

रेघ पुन्हा आली. पडद्यावर खतिजाचाचीच्या अम्माचा चेहरा, आणि त्यावरून कपाळापासून डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत सरळ उतरलेली केसाएवढी काळी रेघ. वर्षाराणीनं स्कॅनरचं झाकण पुन्हा उघडलं.

स्कॅनरची काच पुसून झाली होती. फिल्मवरची धूळ उडवून झाली होती. रेघ आपली तिथल्या तिथं. धूळ असली तर फोटोत पांढरी दिसते. काळी रेघ आली की समजायचं, फिल्मवर ओरखडा आहे. आणि सकाळी ही तळहाताहून मोठी निगेटिव्ह पाकिटातून काढताना तिच्या मनगटातली बांगडी घासली होती. की नव्हती? छे, काही केल्या आठवेना!

चाची बाहेर बाकावर बसली होती. कुरुंदवाडहून पहिल्या एसटीनं राजारामपुरीतल्या या फोटो स्टुडिओत आलेली. अम्मा गेली तेव्हा ती चार-पाच वर्षांची. चेहरा आठवत नव्हता, घरात फोटो नव्हता. परवा गावातल्या जुन्या फोटोग्राफरच्या नातवानं दुकान रिकामं केलं आणि अब्बांचं नाव लिहिलेलं पाकीट तिला आणून दिलं. तेव्हापासून सत्तरीची ही बाई निगेटिव्ह खिडकीशी धरून बघत होती. त्यात तोंड काळं आणि केस पांढरे. आई ओळखायची तरी कशी?

“दिसली का गं माझी अम्मा?” बाहेरून हाक आली.

“थांबा चाची, मशिन तापतंय अजून,” वर्षाराणीनं धडधडीत खोटं सांगितलं.

खरं कळायला एक उपाय होता, आणि नेमका तोच करायची तिची छाती होत नव्हती. फिल्म उलटी फिरवून ठेवायची. रेघ होती तिथंच राहिली तर दोष मशिनचा. फिल्मबरोबर फिरली तर दोष फिल्मचा, म्हणजे तिचा. तिनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. फिल्म फिरवून पुन्हा स्कॅन केलं.

अम्मा उलटी झाली. रेघ मात्र जागची हलली नाही. आता दुसऱ्या गालावरून जात होती.

वर्षाराणीनं झाकण उचलून काचेला नाकच लावलं. अगदी वरच्या कडेला कुंकवाचा एक कण! खंडेनवमीला सासूबाईंनी मशिन पुजलं होतं. तिथं फोटो कुठं येतोय, म्हणून टिळा मुद्दाम वरच्या कडेला लावला होता. दुसऱ्या दिवशी पुसलाही होता. पण मशिन आधी त्याच कडेची कोरी पट्टी बघतं, उजेडाचा अंदाज घेतं आणि मग खाली उतरतं. तिथं कण असला की शेवटपर्यंत रेघ ओढत नेतं.

“काय केलासा ओ आत्ती!” सासूबाईंना उद्देशून ती स्वतःशीच म्हणाली. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

तिनं कण पुसला, फिल्म सरळ ठेवली, पुन्हा स्कॅन केलं. रेघ गेली. पण सगळी नाही. डाव्या भुवईच्या वर पेराएवढा तुकडा तसाच होता. तिनं फिल्म फिरवली. या वेळी तुकडाही फिल्मबरोबर फिरला.

म्हणजे बांगडीच. काच पुसता येते, ओरखडा पुसता येत नाही. जगात ही एकच फिल्म, आणि तिच्यावर आपण जन्माचा डाग पाडला. आता चाचीला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत बुजवून टाकावं. कुणाच्या बापाला कळतंय! तिनं चित्र सरळ केलं आणि कर्सर भुवईवर नेला.

“किती येळ गं?” चाची सरळ आतच आली. तिला बाहेर धीर धरवला नव्हता.

वर्षाराणी ताडकन उठली. “चाची, माफ करा मला. माझ्या हातनं फिल्मवर ओरखडा गेलाय. हा बघा. आत्ता पुसून टाकते मी.”

चाचीचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती पडद्याजवळ गेली. मग तिनं डोळे मिटले आणि चाचपडत बोट अम्माच्या भुवईवर ठेवलं.

“पुसू नकोस पोरी,” ती म्हणाली. “हीच की अम्माच्या कपाळावरची ती खोक. हिच्यावर बोट ठेवल्याबिगर मला झोप यायची न्हाय.”