मागच्या रांगेतलं झाड

वाहेदनं लेकीचं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. शाळेतलं प्रदर्शन सुरू व्हायला अजून अर्धा तास होता, वर्गात कुणी नव्हतं. बटाट्यावर झाड कोरून, त्याचे ठप्पे मारून नाजियानं संत्र्याची बाग छापली होती. पुढची रांग गडद हिरवी, तिच्यामागची फिकी, आणि सगळ्यात मागची तर असून नसल्यासारखी.

वाहेद शेंदूरजनाघाटच्या बाजारात संत्र्याच्या पेट्यांवर शिक्के मारतो. पंधरा वर्षांत आपला एकही शिक्का फिका निघाला नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पोरीला रंग कमी पडला असणार, असं त्याला वाटलं. रंगाची बशी आणि बटाटा टेबलावरच होता. त्यानं बटाटा रंगात चांगला बुडवला आणि मागच्या रांगेतल्या एका झाडावर दाणकन मारला.

नाजिया दारातच थांबली.

"अब्बू, हे काय केलं तुमी?"

"फिकं आलं होतं. पक्कं करून देल्लं."

"फिकंच पाह्यजे होतं. एकदा रंग लावाचा आन् तीनदा छापाचं. मागचं झाड दूर असते न."

तिच्यामागून आलेल्या माधवी मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं. पण नाजियाचे डोळे भरून आले होते. दोन दिवस खपली होती ती, आणि पुन्हा छापायला आता वेळ नव्हता.

वाहेद ओशाळला. मग त्याला आपलं काम आठवलं. पेटीवर चुकीचा शिक्का बसला, तर तो ओला असतानाच उचलून घ्यायचा असतो. त्यानं जुन्या पेपरचा तुकडा फाडला, झाडावर ठेवला, तळहातानं दाबला आणि अलगद उचलला. निम्मं झाड पेपरवर आलं. त्यानं दुसरा तुकडा लावला.

"आता?"

"अजून एक डाव. अजून दूर जाऊ द्या त्याले."

तिसऱ्या तुकड्यानंतर नाजिया म्हणाली, "बस." झाड आपल्या रांगेत जाऊन बसलं होतं.

मॅडमनी चित्र भिंतीवर लावलं. वाहेद मागं सरकत पार समोरच्या भिंतीला टेकला आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम," तो शेवटी गंभीरपणे म्हणाला, "एवढ्या बगीच्यातला संत्रा तोडाले दहा माणसं लावले, तरी आठ दिवस लागतीन."