बाइंडरचं घर

आयुष्यभर मी पुस्तकं बांधली, पण वाचायला शिकलो साठीनंतर, बाईंनी वस्तीत काढलेल्या वर्गात. बाई समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. तरुणपणी घरोघर फिरून त्यांनी आमच्या वस्तीवर पुस्तक लिहिलं. त्याची शिलाई माझ्याच हातची. परवा ते वाचताना माझं घर सापडलं: ‘बाइंडरच्या घरी नवराबायको एकत्र जेवतात.’ पुस्तक घेऊन बाईंकडे गेलो. “बाई, मी खोटं सांगितलं होतं. बायको माझ्यामागून उरलंसुरलं खायची, कधी तेही नाही. तुमचे विद्यार्थी इतकी वर्षं माझी थाप शिकले.” बाईंनी चष्मा काढला. “निघताना मी तुमच्या मंडळींना विचारलं होतं, हे खरं का. म्हणाल्या, ‘असंच छापा बाई, वाचून तरी हे लाजतील.’ मला ती थट्टा वाटली. चूक माझीही आहे.” बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली, मला वाचता येऊन दीड.