बेल खाली, बटण वर

"हात लांब करा मावशी. झोपल्यावर दिवा बंद करायला करता ना, तसा."

वायरमनने तळघराच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली होती. ज्याची खोली त्याला आडवं करायचं, हात पोचेल तिथे भिंतीवर खडूने खूण करायची आणि मगच उशाशी बटण द्यायचं, अशी त्याची रीत. एकदा गिलावा चढला की पुन्हा भिंत फोडा, हे त्याला नको असे. ताई साडी सावरत आडवी झाली, स्वतःशीच हसली आणि हात लांब केला.

तिची वरची खोली भाच्याला अभ्यासासाठी हवी होती, म्हणून ती खाली येणार होती. आणि बाई खुशीने येणार होती हो! वरच्या खोलीत घरभराच्या गाद्या, इस्त्रीचे कपडे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगा. इथे निदान दार लावून चार पानं वाचता येतील, एवढीच तिची हौस.

"दिवा इथे दे. रेडिओला प्लग खाली. आणि पंखा जरा पलीकडे घे, थेट अंगावर नको."

वायरमन खुणा करत गेला. भाऊ आणि भावजय जिन्यात उभे होते. भावाने मोबाइलमधला वायरिंगचा नकाशा मोठा करून पाहिला.

"बेल राहिली," तो म्हणाला.

ताई उठून बसली. "बेल कशाला? येऊन-जाऊन इथे येणार तुम्हीच."

"दाराची नव्हे गं. बटण वर, एक स्वयंपाकघरात, एक आमच्या खोलीत. बेल इथे, तुझ्या डोक्याशी. वरून दाबलं की तुला कळेल. नाहीतर आम्ही जिन्यातून बोंबलत बसायचं."

"सकाळी डब्यांची घाई असते ना," भावजय म्हणाली. "तुमचाच त्रास वाचेल, ताई."

त्रास वाचेल! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आई गेल्यावर याच भावाचं नाक जिने पुसलं, त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं जिने काढली, तिच्या उशाशी आता घंटा बांधायला निघाले होते. गुराच्या गळ्यात तरी माणूस ती लाडाने बांधतो.

तोवर वायरमनने सतरंजीच्या वर, भिंतीवर एक गोल काढलासुद्धा. ताई त्या गोलाकडे बघत राहिली.

"आणि मी खालून दाबली तर?" तिने विचारलं.

"म्हणजे?" भाऊ म्हणाला.

"रात्री माझ्या छातीत कळ आली. हात इथवर पोचतोय. दाबलं बटण. तर वर वाजेल?"

भाऊ पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला. उत्तर भावजयीने दिलं. "अहो, रात्री-अपरात्री वर वाजली तर सगळ्यांची झोपमोड नाही का होणार? आणि तुमच्याकडे मोबाइल आहेच की."

मोबाइल तर तिच्याकडे सकाळीही असणार होता. पण तिला बोलवायला तो यांना चालत नव्हता.

ताई उठली. तिने पदराचं टोक मुठीत धरलं आणि तो गोल पुसायला घेतला. कोऱ्या विटांवरचा खडू सहजी जाईना. बोटांची सालटी निघाली तरी ती पुसतच राहिली.

"ही बेल लागणार असेल, तर मी खाली येणार नाही. वरची खोली माझी आहे. तुझ्या लेकाला बसव इथे अभ्यासाला आणि त्याच्या डोक्याशी वाजव."

"अगं, एवढं चिडायला काय झालं? सोय म्हणून सांगितलं."

"कोणाची सोय?"

ताई जिना चढू लागली. दोघं मध्येच उभी होती. ती थांबली नाही, शेवटी त्यांनाच भिंतीला चिकटावं लागलं.

"साहेब, मग बेलचं काय करू?" वायरमनने विचारलं.

"कर तू तुझं काम. तिचा राग म्हणजे काय, घटकाभराचा." भावाने मान वर केली आणि रोजच्या आवाजात हाक मारली, "ताई, वर गेलीच आहेस तर चहा टाक गं! चार कप!"

वरची पावलं थांबली.

"बेल तर वाजली नाही!" ताईचा आवाज आला. आणि तिच्या खोलीची कडी आतून लागली.