दिनानाथशेठांचा दहावा

दिनानाथशेठ एकटे म्हणून कधी जेवले नाहीत. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून वाशीला घरी येताना मागे कोणी ना कोणी असायचंच. कधी गिऱ्हाईक, कधी टेंपोवाला, नाहीतर बस चुकलेला कोण कुठला अनोळखी माणूस. "आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?" असं बायको, जयमालाबाई, पाहुण्यादेखत करवादायच्या.

शेठ गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, तर कावळा समोर येऊन बसला, पण शिवेना. मुलाने हात जोडले, "बाबा, कारखाना बंद पडू देणार नाही." नातवंडं म्हणाली, "आजोबा, आजीला आम्ही सांभाळू." कावळ्याने नुसती मान वाकडी केली. यांचा जीव अडकलाय तरी कशात, या विचाराने जयमालाबाई कासावीस झाल्या.

तेवढ्यात कावळा काव काव करत उडाला आणि अख्ख्या खाडीवरचा गोतावळा गोळा करून परत आला. मग सगळे मिळून पिंडावर तुटून पडले.

जयमालाबाई पदर खोचून चारचौघांत ओरडल्या, "अहो, आता तरी सुधारा! आमटीत पाणी वाढवायला इथे मी होते, तिकडे कोण आहे तुमचं?"